दिवाळीत पेरलेला वसंत

कुवेतमध्ये राहतो म्हटलं की पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर तेल, ऊन आणि वाळू एवढंच उभं राहतं. त्यात फुलबाग कुठेच बसत नाही. त्यामुळे फेब्रुवारीत एगैलातल्या आमच्या अंगणाचे फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकले की "हे नक्की तिकडचंच ना?" हा प्रश्न ठरलेला. तिकडचंच आहे. फक्त इथल्या वसंताची तयारी दिवाळीत करावी लागते, म्हणून त्याबद्दल दिवाळी अंकातच लिहिते आहे.

आपल्याकडे बागेचं वर्ष मृगाच्या पावसानं सुरू होतं. इथे जून म्हणजे बाग संपण्याचा महिना. त्यापुढचा उन्हाळा किती कडक, तर २१ जुलै २०१६ रोजी इथल्या मित्रिबाहला ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं आणि जागतिक हवामान संघटनेनं तो आशियातला उच्चांक म्हणून मान्य केला. सप्टेंबरच्या सुरुवातीला पहाटे दक्षिणेकडे सुहैल तारा दिसू लागतो आणि जुनी कुवेती माणसं म्हणतात, आता उन्हाळा उतरणार. सुहैल म्हणजे आपला अगस्त्य. तो उगवला की पावसाळ्याचं गढूळ पाणी निवळतं, असं आपल्याकडे म्हणतात. इथे हवा निवळते. ऑक्टोबरच्या मध्यापासून 'वस्म' म्हणजे पहिल्या पावसाचा काळ. वर्षभरात जेमतेम शंभर-सव्वाशे मिलिमीटर पाऊस, मुंबईत जुलैच्या एखाद्या दिवशी पडतो तेवढा. पण वस्म चांगला झाला तरच वाळवंट फुलतं.

एगैला अहमदी प्रांतात आहे, मंगफ आणि फहाहीलच्या बाजूला. बाहेर हमरस्ते आणि मॉल, आत शांत गल्ल्यांमध्ये कुवेती कुटुंबांची घरं. अशाच एका घराचा तळमजला आम्ही भाड्यानं घेतला. त्याबरोबर कंपाउंडच्या भिंतीलगत बारा फूट लांब, तीन फूट रुंद अशी मातीची पट्टी मिळाली. माती म्हणजे वाळूच. तिच्याखाली चुन्यानं घट्ट झालेला थर लागतो, त्याला इथे 'गच' म्हणतात. ऐकताच चुनेगच्ची आठवते, आणि पहारीला दादही तशीच देत नाही. म्हणून खाली खणण्यापेक्षा वर चढायचं. विटांचा फूटभर उंचीचा वाफा करून त्यात वाळू, कंपोस्ट आणि कोकोपीट समप्रमाणात भरायचं. वाफा करायला जमिनीवर मालकी लागत नाही, मालकांची परवानगी पुरते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. कुवेतला नदी नाही. पूर्वी पिण्याचं पाणी शत्त अल-अरबमधून गलबतांनी आणत, आज ते समुद्राचं खारेपण काढून मिळतं. बागेसाठी अनेक घरांत मचूळ पाण्याची वेगळी लाइन असते. मोठ्या झाडांना ते चालतं, कोवळ्या रोपांना सोसत नाही. मातीवर पांढरी पापडी धरली की समजावं, क्षार साचले. मग रोजचं शिंपडणं थांबवून एकदा गोडं पाणी भरपूर द्यायचं, म्हणजे क्षार मुळांच्या खाली उतरतात. वाफ्याखाली पाणी निचरायला वाट मात्र हवी.

फुलं निवडताना मी तीन गोष्टी बघते: चार-पाच महिन्यांत आयुष्य पुरं होणारी, थोडे क्षार सोसणारी आणि वाऱ्यात न मोडणारी. पिटुनिया या तिन्हींत बसते, म्हणून तर हिवाळ्यात कुवेतच्या रस्त्यांच्या दुतर्फा तीच दिसते. तिचं बी खसखशीहून बारीक असतं. ते पसरून हलकेच दाबायचं, मातीखाली गाडायचं नाही, कारण उगवायला त्याला उजेड लागतो. झेंडू आणि कॅलेंड्युला नवशिक्यालाही यश देतात. कडेला अ‍ॅलिसम लावावं, त्याला मधासारखा वास येतो. भिंतीपाशी गुलखैरा. पँझी देखणी पण नाजूक, ती डिसेंबरच्या थंडीतच लावावी. आणि स्टॉक हवाच. त्याला अरबीत 'मन्थूर' म्हणतात. आमच्या मालकांच्या आई, ज्यांना आम्हीही यम्माच म्हणतो, संध्याकाळी खुर्ची घेऊन त्याच्या वासाशेजारी येऊन बसतात. माझं अरबी आणि त्यांचं हिंदी दोन्ही तोडकं, पण फुलांपुरतं पुरतं.

बी ऑक्टोबरमध्ये ट्रेमध्ये टाकून सावलीत ठेवावं, चार-सहा खरी पानं आली की नोव्हेंबरात वाफ्यात लावावं. ज्यांना तेवढा वेळ नाही, त्यांनी अल-राईच्या नर्सऱ्यांतून रोपं आणावीत. आणताना फुललेलं रोप घेऊ नका. बुटकं, भरगच्च, कळ्या न आलेलं घ्या. लावल्यावर शेंडा खुडा म्हणजे फांद्या फुटतात. वाळलेलं फूल दिसेल तेव्हा खुडा, कारण बी धरलं की झाडाला वाटतं आपलं काम झालं. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडतंय. इथल्या चुनखडीच्या मातीत ते असूनही झाडाला घेता येत नाही, त्यासाठी चिलेटेड लोह मिळतं. धुळीचं वादळ येऊन गेलं की सकाळी पानं धुवावीत. एप्रिलनंतर गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी चटका देतं, म्हणून रात्री बादल्या भरून ठेवून पहाटे घालावं.

अशा रीतीनं आपला सणांचा आणि फुलांचा मेळ इथे बदलतो. दसऱ्याला झेंडू बाजारचा, पाडव्याच्या गुढीला मात्र घरचा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी कागदी कपात लावलेली अ‍ॅलिसमची रोपं वाण म्हणून देते. प्लॅस्टिकच्या डब्यांनी सगळ्यांचीच कपाटं भरली आहेत.

फेब्रुवारी-मार्चमध्ये घरची बाग भरात असते तेव्हा एकदा वाळवंटातही जाऊन या. पिवळा नुवैर, जांभळा खुजामा आणि थोडा उशिरा फुलणारा अरफज, जे कुवेतचं राष्ट्रीय फूल आहे. खुजामाच्या शास्त्रीय नावात 'डिक्सोनी' आहे, ते व्हायोलेट डिक्सन या बाईंच्या सन्मानार्थ. १९२९ मध्ये नवऱ्याच्या नोकरीसाठी त्या कुवेतला आल्या आणि साठ वर्षं राहिल्या. लोक त्यांना उम्म सौद म्हणत. कुवेत-बहारीनच्या रानफुलांवरचं त्यांचं पुस्तक १९५५ मध्ये निघालं. रानफुलं बघावीत, तोडू नयेत. त्यांतली बहुतेक हंगामी आहेत. पावसावर उगवतात, काही आठवड्यांत फुलतात आणि बी टाकून जातात. पुढचा चांगला वस्म येईपर्यंत ते बी वाळूत थांबतं.

"भाड्याचं घर, दुसऱ्याची जमीन, कशाला एवढा खटाटोप?" हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकानं कधीतरी विचारलेला असतो. आपला इकामा मुदतीचा. मुलं बारावी झाली की जातात, नोकरी संपली की आपण जातो. मागच्या जूनमध्ये समोरच्या इमारतीतलं कुटुंब कायमचं परत गेलं. जाताना जास्वंदीची कुंडी आमच्याकडे देऊन गेले. त्यांनाही ती अशाच परत जाणाऱ्या एका घरानं दिली होती. जास्वंद, मोगरा, बोगनवेल ही अशी कुंडीतून हस्तांतर होणारी झाडं. उन्हाळ्यात आपण सुट्टीवर गेलो की त्यांना पाणी घालणारं माणूस मात्र आधी ठरवून ठेवावं. आमच्याकडे ते काम हारिस करतो, आणि येताना त्याच्यासाठी गावाहून काहीतरी आणायचं, असा आमचा करार आहे.

या वर्षी आमच्याही नोकरीच्या कराराचं शेवटचं वर्ष आहे. पुढे वाढेल की नाही, हे मे महिन्यात कळेल. घरात चर्चा झाली, यंदा वाफा भरायचा का? मी बियांचे ट्रे बाहेर काढले. हंगामी फुलं आपल्याकडून पाच महिनेच मागतात, आणि तेवढे तर आपल्या हातात आहेत. मेमध्ये जायचं ठरलं तर फुलं आधीच देऊन झालेली असतील. राहायचं ठरलं तर उन्हाळ्यासाठी सदाफुली आणि ऑफिस टाइम लावीन, ती दोन्ही इथलं ऊन सोसतात.

झेंडू आणि कॅलेंड्युलाचं गेल्या वर्षीचं बी भरपूर आहे. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाला पुड्या बांधून आणते आहे. एक पुडी यम्मांसाठी बाजूला ठेवली आहे, बाकीच्या आपल्या. घरी गेल्यावर कंदील लावायच्या आधी पेरा, म्हणजे पाडव्याला फुलं.