चारही उत्तरं बरोबर

अमेरिकेत नर्सिंगची 'दोन वर्षांची' पदवी सहसा दोन वर्षांत होत नाही. १९५१ साली मिल्ड्रेड माँटॅग यांनी ही कल्पना मांडली, तेव्हा महायुद्धानंतर नर्सेसचा मोठा तुटवडा होता. कम्युनिटी कॉलेजांतून झटपट नर्सेस तयार व्हाव्यात, असा साधा हिशेब होता. मी न्यू जर्सीत चौकशीला गेले तेव्हा काउन्सेलर बाईंनी हातात एक यादी ठेवली: शरीररचना आणि शरीरक्रिया भाग एक, भाग दोन, मायक्रोबायोलॉजी, रसायनशास्त्र, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी, इंग्रजी निबंधलेखन. हे सगळं उरकायचं, चांगले गुण मिळवायचे, प्रवेशपरीक्षा द्यायची आणि मग अर्ज. इथे सगळे त्याला 'प्रीरेक' म्हणतात. नोकरी आणि पोरं सांभाळून करणाऱ्यांची दोनेक वर्षं त्यातच जातात.

मी बी.कॉम. सांगलीकडच्या एका पतसंस्थेत खातेवह्या सांभाळल्या, लग्न करून इकडे आले, मुलगा शाळेत जायला लागला तेव्हा ग्रीन कार्ड हातात आलं. जीवशास्त्राशी शेवटची गाठ दहावीत पडली होती. त्यामुळे भीती वाटत होती ती प्रीरेकची. एकदा नर्सिंगला लागलो की रुग्णसेवाच तर शिकायची आहे, असं मी धरून चालले होते.

शरीररचनेच्या वर्गात, सगळे 'ए अँड पी' म्हणतात त्यात, पहिल्या काही आठवड्यांत हाडं आली. मोठ्या माणसाच्या शरीरात २०६. नुसती नावं नाहीत, तर प्रत्येक हाडावरचे उंचवटे, खाचा, भोकं, आणि हाड डावं की उजवं हेही ओळखायचं. परीक्षा प्रयोगशाळेत. टेबलावर हाड नाहीतर मॉडेल, त्यावर चिकटवलेला बाण, समोर उभं राहायला एक मिनिट, मग घंटा, की सरकायचं पुढच्या टेबलाकडे. मागे वळून पाहायचं नाही. पुढे मेंदूपासून निघणाऱ्या बारा नसा, मग स्नायू, मग मेंढीचं हृदय कापून त्यातल्या झडपा दाखवणं. घरी शाकाहारी स्वयंपाक करून गेलेली मी हातमोजे घालून हृदयात बोट घालत होते. सासूबाईंना फोनवर हे कधीच सांगितलं नाही.

तरीही खरं सांगते, हे मला जमलं. महाराष्ट्र बोर्डातून आलेल्या माणसाला पाठांतर कुणी शिकवावं लागत नाही. किती पानं, कोणती पानं आणि परीक्षा कधी, एवढं कळलं की आम्ही पहाटे उठून घोकणार. वर्गातली अमेरिकन मुलं नसांची नावं लक्षात ठेवायला चावट इंग्रजी वाक्यं रचायची; मी फेऱ्या मारत मोठ्याने म्हणायची. नवरा म्हणायचा, "अगं, शेजारी पोलीस बोलावतील."

अवघड होतं ते दुसऱ्या भागातलं मूत्रपिंड. नेफ्रॉन नावाच्या सूक्ष्म नळीत पाणी आणि मीठ कुठे शोषलं जातं, कुठे नाही, हेन्लेच्या वळणात खाली जाताना पाणी बाहेर पडतं आणि वर येताना मीठ, आणि त्यातून लघवी घट्ट होते. हे पाठ करून भागत नाही. कागदावर आकृती काढायची, पुसायची, पुन्हा काढायची. रोगप्रतिकारशक्तीचा धडा तसाच. नर्सिंगच्या पुढच्या सगळ्या पुस्तकांत मिळून डोक्याला इतका ताण देणारा मजकूर मला सापडला नाही. समजायला अवघड काय, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर प्रीरेक हेच आहे.

मायक्रोबायोलॉजीत प्रत्येकाला एक नाव नसलेली परीक्षानळी मिळाली. त्यातला जिवाणू कोणता ते सेमिस्टर संपण्याआधी शोधून काढायचं. आधी ग्रॅम रंगपद्धत: जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोल, मग लाल सॅफ्रॅनिन. अल्कोहोल काही सेकंद जास्त झालं की टिकायला हवा तो जांभळा रंगही धुऊन जातो आणि माणूस चुकीच्या दिशेने शोधत सुटतो. मला ते काम फार आवडलं. रसायनशास्त्राबद्दल तसं म्हणता येणार नाही. आम्ल-अल्कलीचा भाग सोडला तर ते समीकरणांचं गणित नंतर कधी भेटलं नाही.

प्रीरेकमधला खरा ताण वेगळाच असतो. तिथे पास होणं निरुपयोगी. जागा थोड्या, अर्ज भरपूर, म्हणून प्रत्येक विषयात ९० च्या वर राहायचं. शेजारी बसलेली मुलगी मैत्रीण असते आणि त्याच जागेची उमेदवारही. नर्सिंगला प्रवेश मिळाला त्या दिवसापासून हे संपलं. मग सगळे एकमेकांना नोट्स द्यायला लागले, कारण आता सगळ्यांना एकाच गोष्टीची धास्ती होती. ७७.

आमच्याकडे पास व्हायची रेघ ७७ वर होती. ७६.९ म्हणजे नापास. वर सरकवणं नाही. शिवाय परीक्षांची सरासरी ७७ झाली तरच गृहपाठाचे गुण धरले जायचे. प्रीरेकमध्ये ९५ घेणाऱ्या आम्ही पहिल्या परीक्षेनंतर वर्गाबाहेर उभ्या होतो आणि कुणी कुणाला विचारत नव्हतं.

गंमत म्हणजे त्या परीक्षेचा अभ्यासक्रम सोपा होता. हात कसे धुवायचे, रक्तदाब कसा मोजायचा, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर का वळवायचं. घरात म्हाताऱ्या माणसाचं केलेल्या कुठल्याही बाईला यातलं निम्मं माहीत असतं. पण प्रश्न असे होते: चार रुग्ण आहेत, आधी कुणाकडे जाल? एकाचा काल गुडघा बदललाय, वेदना दहापैकी आठ. एकाची साखर २५०. एकाला न्यूमोनिया, ताप १०१.५. एक दम्याचा रुग्ण, तासाभरापूर्वी छातीत मोठ्याने सुंई-सुंई वाजत होतं, आता आवाज थांबलाय आणि तो पेंगुळलाय.

सरळ मनाचा माणूस म्हणेल, दमेकऱ्याला आराम पडला, आठ वेदनावाल्याकडे जाऊ. पण आवाज थांबला तो श्वासनलिका इतक्या आवळल्यामुळे, की वाजायलाही हवा उरलेली नाही. पेंग आली ती दमून आणि प्राणवायू कमी पडून. आधी तिकडेच धावायचं. बाकीच्या तिघांकडे जाणंही चूक नाही, त्यांनाही नर्स हवीच आहे. चारही उत्तरं बरोबर असतात आणि त्यातलं एकच 'आधी' असतं. याला कुठली पानं घोकणार?

हळूहळू घाट कळत गेला. आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण. आधी तपासा, मग करा. 'डॉक्टरांना कळवा' हा पर्याय दिसला की माझा हात आपोआप तिकडे जायचा, कारण आपल्याकडे डॉक्टरांच्या पुढ्यात नर्सने स्वतःहून काही ठरवायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. तो पर्याय बहुतेक वेळा चूक निघतो: फोनवर डॉक्टर विचारणार, रक्तदाब किती, नाडी किती, आणि तुम्ही मोजलेलंच नाही.

मला सर्वांत जड गेलं ते बोलणं. रुग्ण म्हणतो, "मला मरायची भीती वाटते." नर्सने काय म्हणावं? "काळजी करू नका, सगळं ठीक होईल" हे उत्तर प्रत्येक परीक्षेत असतं आणि प्रत्येक परीक्षेत चूक असतं. खोटा दिलासा म्हणतात त्याला. त्याने माणसाचं बोलणं तिथेच बंद होतं. "असं का वाटतं तुम्हाला?" हेही चूक, कारण 'का' विचारलं की माणसाला सफाई द्यावी लागते. आमच्या घरात दवाखान्यात भेटायला गेलेलं प्रत्येक माणूस हीच दोन वाक्यं बोलत आलंय. मला पटलं, पण आतून पटायला वेळ लागला, आणि काही आजींच्या बाबतीत अजूनही पूर्ण पटलेलं नाही.

एका ठिकाणी मात्र शाळा कामाला आली. औषधाच्या मात्रेची वेगळी परीक्षा असे, त्यात ९० टक्क्यांच्या खाली गेलं तर वॉर्डात औषध द्यायला मनाई. १००० मिलिलिटर सलाईन आठ तासांत द्यायचं, नळी अशी की १५ थेंबांचा एक मिलिलिटर. मिनिटाला थेंब किती? इथली मुलं एककांच्या लांबलचक साखळ्या मांडून एकेक खोडत बसायची. मी त्रैराशिक मांडून ३१ लिहून मोकळी. फक्त लिहायची शिस्त नवी होती. अर्धा मिलिग्रॅम म्हणजे ०.५, पुढचं शून्य गाळायचं नाही. पाच म्हणजे नुसते ५, मागे ५.० लिहायचं नाही. टिंब पुसट झालं तर पाचाचे पन्नास होतात. पतसंस्थेत आकड्यापुढे 'फक्त' लिहायची सवय होती, त्यामागचं कारण काही फार वेगळं नाही.

क्लिनिकलला पावणेसातला वॉर्डात हजर राहायचं, म्हणजे थंडीत काळोखातच गाडीवरचा बर्फ खरवडायचा. घरी आल्यावर त्या रुग्णाचा केअर प्लॅन लिहायचा, त्याच्या प्रत्येक औषधाची माहिती काढायची, रात्री एक वाजायचा. वर्गात एक जमैकन बाई होती, बरीच वर्षं नर्सिंग होममध्ये नर्सिंग असिस्टंट. ए अँड पीमध्ये तिची फार ओढाताण झाली होती. पण वॉर्डात तीच आमची गुरू. रुग्णाच्या खोलीच्या दारात उभी राहून ती सांगायची, "याचा रंग बघ, काल असा नव्हता." ज्यांनी प्रीरेकमध्ये पैकीच्या पैकी घेतले होते त्यांना रंगबिंग काही दिसत नव्हता.

म्हणून प्रीरेक नुसती गाळणी आहेत का? आमच्या वर्गातल्या कित्येकांचं तेच मत होतं. माझं मत औषधशास्त्राने बदललं. ए अँड पीच्या अगदी सुरुवातीला पेशीच्या आवरणातला सोडियम-पोटॅशियम पंप शिकवतात: तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. पाठ करून परीक्षेत लिहिला आणि सोडून दिला. पुढे डिगॉक्सिन आलं, हृदयाचं जुनं औषध. ते नेमका तोच पंप अडवतं. पोटॅशियम आणि डिगॉक्सिन एकाच जागेसाठी भांडतात, म्हणून रक्तातलं पोटॅशियम उतरलं की डिगॉक्सिनला रान मोकळं आणि नेहमीची मात्राही विषारी ठरू शकते. पोटॅशियम उतरवतं कोण? लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड, जे पुष्कळदा त्याच रुग्णाला चालू असतं. ते काम करतं कुठे? हेन्लेच्या वळणात.

वॉर्डात एका सकाळी अशाच दोन्ही औषधांवरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी नाश्त्याची थाळी बाजूला सारली. भूक नाही, मळमळतंय म्हणाले. इन्स्ट्रक्टरने आम्हाला बाहेर बोलावून एवढंच विचारलं, "औषध देण्याआधी काय बघाल?" छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे, साठच्या खाली असतील तर डिगॉक्सिन थांबवायचं, हे सगळ्यांना येत होतं. पण भूक गेली हे लक्षण आहे, आणि सकाळच्या रिपोर्टात पोटॅशियम ३.५ च्या खाली आहे का ते बघायचं, हे मला पंपामुळे सुचलं. अन्न नको म्हणणाऱ्या माणसाला एरवी मी आग्रह केला असता.

शेवटची परीक्षा लायसन्सची, एनक्लेक्स. १९९४ पासून ती संगणकावर होते, आणि तुम्ही बरोबर उत्तर दिलंत की पुढचा प्रश्न जास्त अवघड येतो. म्हणजे परीक्षा चांगली चालली असली तरी सतत बुडत असल्यासारखंच वाटतं. एप्रिल २०२३ पासून तिचं रूप बदललंय. एकाच रुग्णाची नोंदवही उलगडत जाते आणि तिच्यावर सहा प्रश्न विचारतात. किमान ८५ प्रश्न, कमाल १५०, पाच तास. मध्येच पडदा बंद होतो आणि पास की नापास ते कळत नाही.

माझी एक मैत्रीण कोल्हापूरकडून बी.एस्सी. नर्सिंग करून आलेली आहे. तिला हा प्रीरेकचा प्रकारच चमत्कारिक वाटतो. तिकडे बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी केलं की वेगळे प्रीरेक लागत नाहीत. शरीररचना आणि शरीरक्रिया नर्सिंगच्या पहिल्या वर्षातच, आणि त्याच वर्षी वॉर्डातही उभं करतात. मी प्रीरेकची हाडं घोकत बसले होते त्या टप्प्यावर तिने खऱ्या माणसांची अंथरुणं बदललेली होती. कागदपत्रांची तपासणी पार पडल्यावर तिलाही तीच एनक्लेक्स द्यायची होती, म्हणून ती माझं सरावाचं पुस्तक घेऊन आमच्या स्वयंपाकघरात बसायची. "व्याख्या लिहा, प्रकार लिहा, शुश्रूषा लिहा" असल्या पेपरांवर वाढलेली ती, पहिल्याच दिवशी चिडली.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री एक बाई रडतेय. एक, "रडू नका" म्हणा. दोन, खुर्ची ओढून शेजारी बसा. तीन, सर्जनना कळवा. चार, "कशाची भीती वाटते ते सांगाल का?" असं विचारा. पुस्तकात उत्तर चार. ती म्हणाली, "रडणाऱ्या बाईला आधी बसू तरी दे की कुणी शेजारी!" मी तिला पुस्तकातलं स्पष्टीकरण वाचून दाखवलं. तिने ते ऐकून घेतलं, चहा संपवला, पेन्सिलीने चारावर काट मारून दोनाला गोल केला. आता तीही पास झाली आहे, आणि पुस्तक अजून तिच्याकडेच आहे.