हजार किलोमीटरला अर्धा लिटर

दसऱ्याच्या आधीच्या पंधरवड्यात माझ्या कर्वेनगरच्या गॅरेजमध्ये गाड्यांपेक्षा प्रश्नच जास्त येतात. "काका, सुपर्ब मिळतेय. २०११ची, सिंगल हँड, डॉक्टरांची गाडी. नव्या वॅगन आरपेक्षा स्वस्त पडतेय. घेऊ का?" विचारणारा बहुधा तिशीतला, नोकरी हिंजवडीत, राहायला इथंच नाहीतर वारज्याला. (पुण्यात जेवढ्या 'डॉक्टरांच्या' गाड्या विकल्या जातात तेवढे डॉक्टर पुण्यात नसावेत.) मी रंग विचारत नाही, सनरूफ आहे का तेही विचारत नाही. ऑइल कधी बदललं, कुठलं घातलं आणि त्याची बिलं आहेत का, एवढंच विचारतो. बिलं नसली तर इंजिन खोलावं लागणार असं धरून चालायचं आणि तेवढे पैसे किमतीतून वजा करायचे. विकणारा तयार नसेल तर घरी जायचं.

जुन्या जर्मन गाड्या पुण्यात मुबलक आहेत, त्याला कारण आहे. मर्सिडीज नव्वदच्या दशकात पिंपरीत टेल्कोच्या आवारात बनू लागली आणि पुढे चाकणला गेली. स्कोडानं २००१मध्ये औरंगाबादजवळ शेंद्र्याला ऑक्टाव्हिया जोडायला घेतली. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९मध्ये सुरू झाला आणि पोलो तिथूनच निघाली. त्या काळात हौसेनं घेतलेल्या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या हातात आहेत. पहिल्या मालकानं नवेपणाची किंमत मोजली. दुरुस्तीची किंमत मोजायची पाळी आता ज्याच्या नावावर आरसी आहे त्याची.

लोक ज्याला नखरेल म्हणतात ते इंजिन माझ्या अनुभवात बहुतेक वेळा एकच निघतं: ईए ८८८ घराण्यातलं १.८ टीएसआय. स्कोडाच्या लॉरा आणि सुपर्ब, फोक्सवॅगनची पसाट, ऑडी ए४ या सगळ्यांत तेच. बॉनेटवरचं चिन्ह झेक असो की जर्मन, रचना ऑडीची आणि कारखाना हंगेरीतल्या ग्यॉर गावचा. चालवायला हे इंजिन इतकं सुरेख आहे की घाट चढताना माणूस सगळे हिशेब विसरतो. चूक झाली ती दुसऱ्या पिढीत. घर्षण कमी व्हावं म्हणून पिस्टनची ऑइल रिंग पातळ केली आणि बोअरवर पुसलेलं ऑइल परत खाली उतरायची भोकं बारीक ठेवली. ती भोकं जळक्या ऑइलच्या काजळीनं बुजतात. मग ऑइल बोअरच्या भिंतीवरच राहतं आणि पेट्रोलबरोबर जळतं. निळा धूर दिसेलच असं नाही, कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बरंच काही पोटात घालतो. सायलेन्सरच्या तोंडाशी बोट फिरवून पाहावं. कोरडी करडी राख चालेल. चिकट काळं लागलं तर समजून घ्यावं.

आता एक हिशेब मांडतो. कंपनीच्या माहितीपुस्तकात हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत ऑइल लागणं सर्वसाधारण मानलेलं आहे. सर्व्हिसचं अंतर १५,००० किलोमीटर. म्हणजे दोन सर्व्हिसच्या मधे साडेसात लिटर ऑइल 'सर्वसाधारणपणे' जळू शकतं आणि या इंजिनात मावतं साडेचार लिटरच्या आसपास. मारुतीवर हात बसलेला माणूस दोन सर्व्हिसच्या मधे बॉनेट उघडत नाही, आणि तिथं ते खपूनही जातं. इथं दिवा लागेपर्यंत थांबलात तर इंजिन बराच काळ कमी ऑइलवर पळालेलं असतं.

त्याचा पुढचा बळी टायमिंग चेन. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. इंजिन बंद केलं की दाब जातो आणि मग चेन सैल पडू नये ही जबाबदारी एका छोट्या खाचेच्या कुलपावर येते. जुन्या रचनेच्या टेन्शनरमध्ये हे कुलूपच दगा देतं. सकाळी चावी फिरवल्यावर दाब यायच्या आत सैल चेन दातावरून उडी मारते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेड उतरवावं लागतं. अमेरिकेत या चेनवरून ग्राहकांनी सामूहिक दावा लावला आणि २०१८मध्ये तडजोडीवर मिटवला. नंतरचा टेन्शनर सुधारलेला आहे. चेन कव्हरच्या खालच्या अंगाला रबरी बूच असतं. ते काढून आत आरसा आणि टॉर्च घातला की जुना आहे की नवा ते कळतं. इंजिन न खोलता होणारं काम आहे, पण विकत घेण्याआधी ते करून घेणारा विरळाच.

म्हणून गाडी पाहायला जाल तर सकाळी, न सांगता लवकर जा आणि आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर "पुन्हा येतो" म्हणा. रात्रभर उभ्या गाडीचा पहिला आवाज हीच चेनची परीक्षा आहे. सुरू होताना दोन-तीन सेकंद डब्यात खिळे हलवल्यासारखी खडखड आली आणि मग सगळं गुपचूप झालं, तर विकणारा म्हणेल, "टीएसआयला असंच असतं." नसतं. मग स्कॅनर लावून कॅमशाफ्ट आपल्या जागेपासून किती अंश सरकला आहे ते बघायचं. चेन लांबली असेल तर ते तिथं दिसतं.

स्कॅनरचा आणखी एक उपयोग एजंट मंडळींना आवडत नाही. मीटर मागे करणारे डॅशबोर्डवरचा आकडा बदलतात. पण या गाड्यांत बिघाडाची नोंद होते तेव्हा त्या क्षणाचे किलोमीटरही कंट्रोल युनिटमध्ये लिहिले जातात. मीटरवर ६८,००० आणि गिअरबॉक्सच्या जुन्या फॉल्टवर एक लाख एकतीस हजार, असा प्रकार मी पाहिलेला आहे. तिथं वाद घालायचा नसतो, चहा घेऊन निघायचं असतं.

कार्पेट उचलायलाही विसरू नका, विशेषतः नदीकाठची गाडी असेल तर. २५ जुलै २०२४ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि आमच्या समोरच्या काठावर, सिंहगड रोडच्या एकतानगरीत गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतातच. जर्मन गाड्यांत वायरिंगचे जोड आणि काही कंट्रोल युनिट सीटखाली, कार्पेटखाली असतात. पाणी ओसरतं, पण तांब्यावरचा हिरवा गंज सहा-आठ महिन्यांनी बोलू लागतो. मग कधी काच खाली जात नाही, कधी एअरबॅगचा दिवा जात नाही.

दिल्लीच्या गाड्यांचं प्रकरण वेगळं. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादानं २०१५मध्ये बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये ती उचलून धरली आणि तिकडच्या डिझेल ऑडी, बीएमडब्ल्यू पडेल भावात इकडं येऊ लागल्या. गाडी वाईटच असते असं नाही. पण एनओसी, इथला रोड टॅक्स आणि पासिंग धरून किंमत काढा. दुसऱ्या राज्याचा नंबर बारा महिन्यांवर चालत नाही. बीएमडब्ल्यूच्या त्या काळच्या दोन लिटर डिझेलमध्ये, एन ४७मध्ये, टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला बसवली आहे. तिचं काम निघालं की आधी इंजिन किंवा गिअरबॉक्स बाहेर काढावा लागतो. पाच हजारांचा पार्ट आणि त्याच्या कित्येक पट मजुरी, हा हिशेब गिऱ्हाइकाला पटवताना माझा घसा कोरडा पडतो.

गाडी घेऊन झाली असेल तर आता चालवण्याबद्दल. १५,००० किलोमीटरचं अंतर महामार्गावर ठीक आहे. द्रुतगती मार्गावर ताशी ८०नं ते १९० तासांत पार पडतं. कर्वे पुतळा, नळस्टॉप, मग विद्यापीठाचा चौक असं ताशी १५नं सरकलात तर त्याच अंतराला इंजिन हजार तास चालतं. किलोमीटरचा आकडा तोच, ऑइलचं आयुष्य पाचपट भाजलेलं. मी साडेसात हजार किंवा सहा महिने सांगतो, आणि डब्यावर व्हीडब्ल्यू ५०२ ०० ही मान्यता छापलेली हवी. कंपनी कुठली ते दुय्यम. दर दुसऱ्या टाकीला ऑइल गेज पाहायचा, गाडी सपाटीवर, इंजिन बंद करून थोडं थांबून.

चढावर, आमच्या महात्मा सोसायटीच्या रस्त्यासारख्या ठिकाणी, मॅन्युअल गाडी नुसती गिअरमध्ये टाकून सोडू नका. गाडी मागं सरली की इंजिन उलटं फिरतं आणि टेन्शनर दबून चेन सैल पडू शकते. आधी हँडब्रेक, गाडी त्यावर टेकू द्यायची, मग गिअर. सात गिअरची ड्राय क्लच डीएसजी असेल तर बंपरला बंपर लावून इंच-इंच सरकू नका. पुढं गाडीभर जागा होऊ द्या, मग हला. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या. क्लच तापून झिजतो तो या इंच-इंच सरकण्यानं. चीनमध्ये २०१३साली या गिअरबॉक्सपायी ३.८४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या.

पार्टसाठी नाना पेठ आहेच, पण पार्ट नंबर शेवटच्या अक्षरासकट लिहून न्या. ते अक्षर म्हणजे सुधारणेची पायरी. दुकानदार "तोच आहे हो" म्हणत जुन्या अक्षराचा टेन्शनर देतो आणि तुम्ही पैसे देऊन जुनाच आजार बसवून घेता. चेन बदलताना वॉटर पंपही बघून घ्या. त्याची घडण प्लॅस्टिकची असते आणि ती तडकून कूलंट गळतं.

घरात एकच गाडी असेल, आई-वडिलांना दवाखान्यात न्यायचं तीच आणि गावाला जायचं तीच, तर मी टीएसआयचा नाद सोडायला सांगतो. चाकणची सोळाशे एमपीआय व्हेंटो मॅन्युअलमध्ये बघा. टर्बो नाही, डायरेक्ट इंजेक्शन नाही, त्यामुळे व्हॉल्व्हवर काजळीचे थर चढायची भीतीही फारशी नाही. दरवाजा मात्र तसाच जड आवाजात लागतो, आणि अर्ध्या लोकांना जर्मन गाडी त्या आवाजासाठीच हवी असते.

तरीही सुपर्बच हवी असेल तर घ्या, मी अडवणारा कोण? पण सहा लाखांची गाडी घेताना दोन लाख वेगळे काढून ठेवा आणि त्यांना हात लावू नका. होतं असं, की ते दोन लाख पाडव्याला घरातल्या दुसऱ्याच कामाला लागतात. मग मार्गशीर्षात एका सकाळी गाडी टो होऊन माझ्या दारात येते आणि मालक हळूच विचारतो, "काका, हप्त्यानं चालेल का?"

हप्त्यानं चालत नाही. नाना पेठेतला दुकानदार मला रोख मागतो.