ग्रंथपालाने वाचावे, आणि बोलावेही

भिलाईतल्या मरोद्यासारख्या वसाहतीत ग्रंथपालाचे काम पुस्तकांच्या देवघेवीवर संपत नाही, हे माझे मत दिवसेंदिवस पक्के होत चालले आहे. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला, देशभरातली माणसे इथे आली आणि मराठी, तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी कुटुंबे शेजारी झाली. अशा ठिकाणी सूची पुस्तकाची जागा सांगते. ते कोणाच्या हाती पडावे हे मात्र स्वतः वाचणारा ग्रंथपालच जाणतो. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, असे सूत्र ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडले. त्यांच्या पाच सूत्रांतले मला हेच सर्वांत अवघड वाटते, कारण ते ग्रंथपालाच्या वाचनाचीच परीक्षा घेते.

म्हणूनच ग्रंथपालाने वाचलेल्या पुस्तकांवर वाचकांशी चर्चा चालवावी. तसे केले तर त्याची आवड इतरांवर लादली जाईल, असे म्हणतात. धोका खरा आहे. पण निवड खरेदीच्या यादीतही होतेच. तिथे ती झाकलेली राहते, चर्चेत उघड होते आणि कोणीही तिला विरोध करू शकतो. मराठी पुस्तकावर बोलायला इथे मराठी वाचक किती, हा दुसरा आक्षेप. त्याचे उत्तर छत्तीसगढच्याच इतिहासात आहे. मराठीभाषक माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले आणि पुढे दासबोध व टिळकांचे गीतारहस्य हिंदीत आणले. मग मराठी पुस्तकावर हिंदीत बोलण्यात उणेपणा कसला? पाळीवर काम करणाऱ्यांना एकच वेळ सोयीची नसते, ही अडचण मात्र मान्य. त्यांच्यासाठी तीच चर्चा सकाळी आणि संध्याकाळी अशी दोनदा ठेवावी, ग्रंथपालाला दुप्पट बोलावे लागले तरी.