कच्चं मडकं

शिक्षकमित्रांनो आणि पालकहो, तुम्ही अगदी नवीन असं काही शेवटचं कधी शिकलात?

मी या पावसाळ्यात मातीकामाच्या वर्गात नाव घातलं. राहते शिळफाट्याला. इथूनच रस्ता पेणला, गणपतीच्या मूर्तींच्या गावाला जातो. तरी माझ्या हातांना माती अशी कधी लागलीच नव्हती.

आधी माती तिंबायची, आतली हवा काढायची. मग गोळा चाकाच्या बरोबर मध्यावर बसवायचा. तो जरा सरकला की भांडं वाकडं!

पण खरा धडा वाळवण्याचा. खोपोलीचा पाऊस, हवा दमट. तरीही वाटी पंख्याखाली ठेवायची नाही, असं शिकवणाऱ्या ताईंनी बजावलं. पातळ काठ आधी वाळून आकसतो, बूड ओलंच राहतं आणि तडा जातो. म्हणून काठ झाकून ठेवायचा. भट्टीत साध्या लाल मातीला ९०० ते १००० अंश सेल्सिअस उष्णता लागते. ओली वाटी आत गेली, तर पाण्याची वाफ होऊन ती फुटते.

मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला. जोडाक्षरांपाशी अडतो. घरी रोज ऐकतो, "ताई बघ कशी वाचते!"

गोरोबाकाकांनी थापटणं मारून नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. तेच नामदेव पुढे विसोबा खेचरांकडे जाऊन शिकले, हेही सांगूया. कच्चं म्हणजे फुटकं नव्हे. ते अजून वाळतंय. त्याला भट्टीची घाई नको, थोडी सावली द्या.