जिथे चेंडू, तिथून
(द्वितीय वर्ष, कला)

गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ. तो आमच्या चिंचणीच्या किनाऱ्यावर खेळला जातो असे म्हटले तर कुणीही हसेल. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तो तिथे खेळला गेला. मैदान वाळूचे, खेळाडू दोन आणि काठी एकच!

त्याचे असे झाले. माझा मामा चेंबूरला गोल्फच्या मैदानावर कॅडी आहे. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याच्या काठ्यांची पिशवी वाहणारा आणि त्याला अंतर, उतार, वारा सांगणारा माणूस. माझे बाबा तारापूरच्या एम.आय.डी.सी.त कंत्राटी कामगार. आई बोंबील वाळवून बोईसरच्या बाजारात विकते. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. फीला हातभार लागावा म्हणून मे महिन्यात मी मामाकडे गेलो आणि महिनाभर पिशव्या वाहिल्या. निघताना मामाने कुणीतरी टाकून दिलेली सात नंबरची लोखंडी काठी आणि सहा जुने चेंडू माझ्या हातात ठेवले. म्हणाला, "खेळून बघ. नुसतं ओझं वाहून खेळ कळत नाही."

पुढे ग्रंथालयात वाचले, तेव्हा नवल वाटले. हा खेळ वाढला तो स्कॉटलंडच्या समुद्रकाठी. शेत आणि समुद्र यांच्यामधली, नांगराला निरुपयोगी अशी वाळूची उंचसखल, गवताळ पट्टी. तिला तिकडे 'लिंक्स' म्हणतात. सेंट अँड्र्यूजच्या अशाच मैदानावर १७६४ साली अठरा खड्डे ठरले आणि पुढे जगाने तोच आकडा घेतला. स्पेनचा बायेस्तेरोस हा शेतकऱ्याचा मुलगा लहानपणी एकाच लोखंडी काठीने किनाऱ्यावर खेळून शिकला आणि १९७९ साली लिंक्सवरचीच ब्रिटिश ओपन जिंकला. आपल्याकडे कॅडी म्हणून सुरुवात केलेला अली शेर १९९१ साली इंडियन ओपन जिंकला. मग चिंचणीच्या वाळूने काय घोडे मारले होते?

पाऊस सरल्यावर मी आणि धाकटा भाऊ दिनू यांनी मैदान आखले. खऱ्या मैदानावर खड्ड्याचा व्यास सव्वाचार इंच असतो. आम्ही नारळाच्या करवंट्या पुरल्या. अठरा कुठून आणायच्या? सहाच. एका बाजूला सुरूचे बन, दुसरीकडे ओढून ठेवलेल्या होड्या आणि वरच्या अंगाला वाळूवर पसरलेली मर्यादवेल. भरती आली की चौथा आणि पाचवा खड्डा पाण्याखाली. भरतीची वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून आमचा खेळही रोज सरके. सकाळी मतलई वारा चेंडू समुद्राकडे नेई, दुपारी दर्याचा वारा तोच चेंडू तोंडावर फेकी. सकाळी दोन फटक्यांत गाठलेल्या खड्ड्याला दुपारी पाच लागत. चेंडू उंच उडाला की तो वाऱ्याचा झाला. म्हणून बुटका, सरपटता फटका शिकावा लागला. ओल्या वाळूवर चेंडू पळे, कोरड्या वाळूत रुतून बसे.

या खेळाचा पहिला नियम मामाने शिकवला होता आणि मी तो दिनूला मोठ्या ऐटीत सांगितला होता: चेंडू जिथे पडला, तिथूनच मारायचा. शिवाय इथे पंच नसतो. आपली चूक आपणच बोलून दाखवायची आणि आपल्याच नावावर एक फटका वाढवायचा.

एका संध्याकाळी माझा चेंडू मर्यादवेलीच्या गुंत्यात शिरला. दिनू पाठमोरा होता. मी अंगठ्याने चेंडू हळूच मोकळ्या वाळूवर ढकलला आणि फटका मारला. झकास बसला!

"दादा, हे चालतं?" मागून आवाज आला.

"कुणी पाहिलंय?"

"मी पाहिलं ना."

दिनू बारा वर्षांचा आहे. त्याने मुकाट्याने वाळूवर माझ्या नावापुढे एक रेघ वाढवली.

वाचकहो, त्या रेघेने मला जितके टोचले तितके कुठल्या शिक्षेने टोचले नसते. कारण मी आणखी एक चेंडू असाच सरकवून ठेवला होता. पहिल्या वर्षाला माझा इंग्रजीचा विषय राहिला होता. घरी मात्र मी सांगितले होते, "पास झालो." बाबांनी कारखान्यात पेढे वाटले होते. परीक्षा परत द्यायची तर तिचे शुल्क कुठून आणायचे, या विवंचनेत चार महिने गेले होते.

त्या रात्री जेवणे झाल्यावर मी बाबांना सगळे सांगितले. आईचा हात ताटावरच थांबला. बाबा बराच वेळ बाहेर अंधारात पाहत राहिले. ते ओरडले असते तर बरे झाले असते.

शेवटी म्हणाले, "परीक्षा परत कधी?"

"पुढच्या महिन्यात."

"पेढे खाल्लेल्यांना मी काय सांगू, ते माझं मी बघतो. तू अभ्यास कर."

चार दिवसांनी परीक्षेचे शुल्क डब्याखाली ठेवलेले सापडले. ते पैसे कुठून आले हे विचारायचा धीर मला आजही झालेला नाही.

परीक्षा दिली आहे. निकाल लागायचा आहे. बाबांना गोल्फ अजून कळलेला नाही. पण रविवारी पाळी नसली की ते होडीला टेकून बसतात, आणि चेंडू मर्यादवेलीत गेला की मी काय करतो ते पाहतात.