कोशाचं गणगोत

आरमोरीकडच्या जंगलात ऐनाच्या फांदीला लोंबणारा टसरचा कोश लांबून फळासारखाच दिसतो. राखाडी-पिवळा, टिचकी मारली तर टणक वाजणारा. पाहावा तो त्याचा देठ. अळी आधी रेशमाचं कडं फांदीभोवती घालते, त्याला देठ जोडते आणि मगच स्वतःला कोंडून घेते. पानं गळाली तरी कोश जागचा हलत नाही.

या जातीच्या अँथेरिया मायलिटा या नावातलं मायलिटा १७७३ साली ड्र्युरीने दिलं. त्याआधी १७५८ मध्ये लिनियसने पॅफिया नावाचा पतंग नोंदला होता. काही अभ्यासक दोन्ही एकच मानतात, काही नाही. नर विटकरी, मादी पिवळी नाहीतर करडी. त्यांना भाऊबहीण म्हणायलाही मन धजत नाही, तेव्हा पंडितांचं भांडण समजण्यासारखं आहे.

अँथेरियाचं घराणं मोठं आणि दूरवर पांगलेलं. हिमालयातला रॉयली, चीनचा पर्नी आणि जपानचा यामामाई ओकच्या पानांवर वाढतात. आपला टसर ऐन, अर्जुन आणि सालावर, तर आसामचा मुगा सोम आणि सोआलूवर. पॉलिफेमस तर थेट उत्तर अमेरिकेत. यामामाईला एकोणिसाव्या शतकात रेशमासाठी युरोपात नेलं. धंदा काही जमला नाही, पतंग मात्र तिथेच रुळला. ऑस्ट्रिया-स्लोव्हेनियाच्या ओकवनांत तो आज रानटी फिरतो.

गुणसूत्रं मोजायला बसावं तर आणखी गोंधळ. मुग्याच्या १५ जोड्या, रॉयलीच्या ३०, टसरच्या ३१, पर्नीच्या ४९. इतकं अंतर असूनही पर्नी आणि रॉयलीचा संकर झाला आणि त्याची पिल्लावळही वाढली. मणिपुरात ओकवर पाळतात तो प्रॉयली हाच. वेगळ्या जातींच्या संकराला वंश नसतो हा शाळेतला नियम इथे सपशेल आडवा होतो.

म्हणून मला जातीपेक्षा तिच्या पोटातल्या वाणांची काळजी जास्त वाटते. कागदावर सगळे मायलिटाच. पण बस्तरच्या सालवनातली रैली वेगळी, सिमलीपालचा मोडल वेगळा, झारखंडचा डाबा वेगळा आणि भंडाऱ्याच्या नावाचाही एक वाण आहे. प्रत्येकाची आपली झाडं, आपला पाऊस. धंद्यासाठी सोयीचा म्हणून डाबा बराच पसरला. पाळणं उघड्यावर, झाडावरच; ढिवर मंडळी पाखरं हाकत अळ्या राखतात, पण कोशातून निघालेल्या पतंगाला कोण राखणार? त्याला खायला तोंडच नाही, हाताशी जेमतेम आठवडाभर. रात्री मादीचा गंध आला की नर निघाला. ती डाब्याची की भंडाऱ्याची, हे तो विचारत नाही, आणि जातीच्या यादीत या मिसळीची नोंद करायला रकानाही नाही.