नकार कुणाचा?

घर मोडते तेव्हा भांडीकुंडी आणि दागदागिने यांची वाटणी करता येते. लेकराची करता येत नाही. पती-पत्नी विभक्त झाली, तरी त्यांच्या मुलाच्या ठायी ती दोघे अखेरपर्यंत एकत्रच नांदतात. आमच्या मुलाचा संसार विसकटला, तेव्हा या सत्याची धग आम्हां उभयतांना जाणवली.

नातू आईकडे राहतो. पूर्वी दर सुट्टीत तो आमच्या केळीच्या बागेत बागडत असे. ताटातूट झाल्यावरही काही महिने येत राहिला. मग ताप, मग परीक्षा, मग शिकवणी अशी कारणे येऊ लागली. पुढे न्यायालयाने ठरवून दिलेल्या भेटीत त्याने वडिलांना सांगितले, ‘तुम्ही आम्हांला फसवलं. मला तुमच्याकडे यायचं नाही.’ मुलाने घरी येऊन ते शब्द सांगितले, तेव्हा आम्ही सुन्न झालो. नऊ वर्षांच्या मुलाच्या तोंडचे ते ‘आम्हांला’ त्याचे नव्हते; मोठ्यांच्या भांडणातून त्याच्या ओठांवर आले होते.

मुलाच्या मनात एका पालकाविषयी असा दुरावा रुजवला जातो, त्याला अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ रिचर्ड गार्डनर यांनी १९८५ साली एका विकाराचे नाव दिले. ते मत वादग्रस्त ठरले. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणाच्या सूचीतून ती संज्ञा वगळली. या मताविरुद्धचा आक्षेप रास्त आहे. मारझोड करणाऱ्या पालकाच्या भीतीने मूल दूर पळत असेल, तर तो नकार म्हणजे त्याची ढाल होय. ती ‘पढवलेली’ म्हणून हिरावून घेणे हा घोर अन्याय ठरेल.

म्हणून प्रत्येक नकारापाशी थांबून तो कुणाचा, हे पाहावे लागते. मूल स्वतः भोगलेला प्रसंग सांगते, की ऐकलेली वाक्ये? वडिलांसोबत आजी-आजोबा, चुलत भावंडे, अंगणातला कुत्रादेखील एकाएकी नकोसा झाला का?

हे दुःख केवळ बापांच्याच वाट्याला येते असेही नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात लहानगी मुलगी वडिलांकडे होती आणि आई तिच्या सहवासाला पारखी झाली होती. न्यायालयाने या दुराव्याचा उल्लेख करून मुलीला आईकडे सोपवले. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यातही मुलाचे हित पाहण्यास सांगितले आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या आपल्या कुटुंबविषयक प्रबोधनपत्रात विभक्त मातापित्यांना कळकळीने विनविले, की मुलांना ओलीस धरू नका.

परंतु कायदा भेटीचा दिवस नेमून देईल. घरात काय बोलावे हे घरच्यांनीच ठरवायचे असते. नाताळात नातलग जमतात, सुनेचा विषय निघतो आणि जिभा सैल सुटतात. आम्ही नेवऱ्यांचे ताट पुढे करून बोलणे दुसरीकडे वळवतो. नातवाच्या बाप्तिस्म्याच्या छायाचित्रात सून त्याला कडेवर घेऊन उभी आहे. ते भिंतीवर आजही तसेच आहे. कित्येकांना हे रुचत नाही. परंतु उद्या नातू या घरी आला आणि त्याला आपली आई भिंतीवरून उतरवलेली दिसली, तर त्या जिवाला पुन्हा एकदा दोहोंतून एकाची निवड करावी लागेल. तिथे एकदा ती करून तो थकला आहे. निदान आमच्या उंबरठ्याच्या आत ती त्याच्यावर लादली जाऊ नये.

दर महिन्याला आम्ही त्याला पत्र लिहितो. उत्तर येत नाही. पत्रात तक्रार नसते. फणसाला यंदा किती फळे लागली, मांजरीला किती पिल्ले झाली, एवढेच असते. आणि शेवटची ओळ नेहमी तीच असते: तुझ्या आईला आमचे आशीर्वाद सांग.